सांगणाऱ्याचा आवाज: ‘हिचहायकर्स गाइड’ कागदावर आणि पडद्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या विनोदी पुस्तकावर सिनेमा निघाला की वाचकांचे दोन तट पडतात. ‘पुस्तकाची सर नाही’ म्हणणारे एकीकडे आणि ‘अहो, सिनेमा सिनेमासारखा बघा ना’ म्हणणारे दुसरीकडे. आमच्या कोथरूडच्या वाचनगटातही नुकतंच हे झालं. पुस्तक होतं ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’, डग्लस ॲडम्स या इंग्रज लेखकाची विनोदी विज्ञानकादंबरी. सिनेमा त्याच नावाचा, २००५ सालचा. आमच्या गटात साठी ओलांडलेली मंडळी आहेत, हिंजवडीला नोकरी करणारी मुलंमुली आहेत, फर्ग्युसनमध्ये शिकणारे दोघंतिघं आहेत. सगळ्यांनी कादंबरी वाचली आणि मग एका रविवारी एकत्र बसून सिनेमा पाहिला. त्यानंतरचं बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

हा विषय रेडिओवर बोलावा असं वाटलं, कारण ही गोष्ट मुळात रेडिओवरच जन्मली. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ फोरवर तिचा पहिला भाग प्रसारित झाला. कादंबरी आली ती दीड वर्षानं, ऑक्टोबर १९७९ मध्ये, आणि तीही रेडिओमालिकेच्या पहिल्या चार भागांवरून ॲडम्सनं स्वतःच लिहिलेली. १९८१ साली तिची टीव्ही मालिका झाली, १९८४ साली कॉम्प्युटरवरचा खेळ झाला. सिनेमाचं घोडं मात्र वीस वर्षांहून जास्त काळ अडून राहिलं. ॲडम्स त्या सिनेमापायी कॅलिफोर्नियात जाऊन राहिला, पटकथेचे खर्डे लिहीत राहिला आणि मे २००१ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, हृदयविकारानं अचानक गेला. पटकथा नंतर केरी कर्कपॅट्रिक यानं पुरी केली आणि गार्थ जेनिंग्ज यानं सिनेमा दिग्दर्शित केला. स्वतःच्या गोष्टीचा सिनेमा लेखकाला पाहायलाच मिळाला नाही, ही गोष्ट मला अजून लागते.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं कथानक सांगतो. आर्थर डेंट हा एक साधा, घरगुती इंग्रज माणूस. एका गुरुवारी सकाळी उठतो तर दारात पिवळा बुलडोझर उभा. गावाबाहेरून बायपास काढायचा आहे आणि त्यासाठी याचं घर पाडायचं आहे. आर्थर बुलडोझरसमोर आडवा पडतो. अधिकारी त्याला म्हणतो, आराखडा आमच्या कार्यालयात नऊ महिने पाहायला ठेवला होता, हरकत तेव्हाच घ्यायची होतीत. आर्थर म्हणतो, पाहायला ठेवला होता? मला तळघरात उतरावं लागलं. तिथे दिवा नव्हता. जिनाही नव्हता. आणि आराखडा होता कुलूपबंद कपाटाच्या अगदी तळाशी. ते कपाट होतं एका बंद पडलेल्या संडासात. आणि त्या संडासाच्या दारावर पाटी होती, बिबट्यापासून सावध राहा.

हे मी गटात मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा जो हशा उठला तो खास पुण्याचा होता. ‘विकास आराखडा’, ‘हरकती व सूचना’, ‘नकाशे कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध’ हे शब्द इथल्या माणसाला पाठ असतात. रस्तारुंदीत आपल्या वाड्याची पुढची पडवी जाणार हे ज्यांना वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या सूचनेवरून कळलं, असे एक काका आमच्या गटात आहेत. ते म्हणाले, ‘‘हा माणूस इंग्रज नाही हो, आपल्या पेठेतला आहे.’’ आणि ॲडम्स तिथे थांबत नाही. लगेच पुढे व्होगॉन नावाचे परग्रहावरचे नोकरशहा येतात आणि अंतराळातल्या महामार्गासाठी अख्खी पृथ्वी पाडणार असल्याचं जाहीर करतात. त्यांचंही म्हणणं तेच, की आराखडा तुमच्या जवळच्या कार्यालयात, म्हणजे अल्फा सेंटॉरी या दुसऱ्याच ताऱ्यावर, ५० वर्षं पाहायला ठेवलेला होता, आता आरडाओरडा करून काय उपयोग! पृथ्वी पाडली जाते, आर्थर मात्र वाचतो आणि अंतराळात भटकू लागतो.

आता सिनेमाकडे येऊ. हा प्रसंग सिनेमात आहे. बुलडोझर आहे, त्याच्यासमोर अंगावर गाऊन घालून पडलेला मार्टिन फ्रीमन आहे, अधिकारी आहे. तळघराचा उल्लेखही येतो. पण संवाद लगेच आटोपतो आणि बिबट्या येतच नाही. ज्यांनी पुस्तक आधी वाचलं होतं ते सगळे त्या क्षणी एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांनी वाचलं नव्हतं अशा घरच्या मंडळींना काही गमावल्याचं कळलंच नाही. सिनेमावर नाराज असलेल्या वाचकांची मुख्य तक्रार तीच आहे आणि मला ती शंभर टक्के मान्य आहे. हा विनोद पायरीपायरीनं खाली उतरतो. तळघर, अंधार, कपाट, संडास, पाटी. शेवटच्या पायरीवर माणूस खळखळून हसतो. वरच्या पायऱ्या ठेवून शेवटची काढून टाकली तर मधल्या पायऱ्या बांधल्या कशाला? सिनेमानं घटना ठेवली आणि वाक्य गाळलं. या कादंबरीत विनोद घटनेपेक्षा वाक्यात जास्त आहे.

आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार हे तिघं गावोगाव कथाकथन करत तेव्हा मंचावर काय असे? एक माणूस आणि त्याचा आवाज. मिरासदारांच्या गोष्टीतली घटना दोन ओळींत सांगता येईल आणि ती ऐकून कुणी हसणार नाही. तेच त्यांनी आपल्या ठेक्यात, कुठे थांबून, कुठे एखादा शब्द ओढून सांगितलं की माणसं खुर्चीवरून पडायची. माडगूळकर तर पुणे आकाशवाणीवर वर्षानुवर्षं नोकरीला होते, आवाजाची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर एकट्यानं उभी केली. चाळीतली इतकी माणसं आणि बोलणारा एक. मराठी विनोदी गद्य हे असं बोलत्या आवाजावर पोसलेलं आहे, म्हणूनच ॲडम्स इतका परका असूनही आमच्या गटातल्या सत्तरीच्या बाईंना दुसऱ्याच प्रकरणात आपलासा वाटला. त्या म्हणाल्या, ‘‘वाचताना कुणीतरी कानात सांगतंय असं वाटतं.’’

ते खरंच आहे. कारण या गोष्टीत ‘गाइड’ हे स्वतःच एक पात्र आहे. आकाशगंगेत फुकट प्रवास करणाऱ्यांसाठीचा हा मार्गदर्शक ग्रंथ मध्येच बोलायला लागतो, कथा थांबवून एखाद्या माशाबद्दल, टॉवेलबद्दल, व्होगॉनांच्या भयानक कवितेबद्दल शांतपणे माहिती देतो. रेडिओवर हा आवाज पीटर जोन्स या नटाचा होता. सिनेमात तो स्टीफन फ्रायचा आहे, आणि निवड उत्तम आहे, याबद्दल आमच्यात कुणाचंच दुमत नव्हतं. पण पुढे पुढे सिनेमा पळापळीत अडकतो आणि हा आवाज मागे पडतो.

दुसऱ्या तटाचं म्हणणंही मी मनापासून ऐकलं. आमच्यातल्या एका मुलीनं सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता, पुस्तक आत्ता वाचलं. तिचं म्हणणं असं, की मार्व्हिन हा कायम दुःखी असणारा यंत्रमानव पुस्तकात वाचताना गमतीचा वाटतो, पण त्या मोठ्या गोल डोक्याचा, खांदे पाडून चालणारा मार्व्हिन पाहिला आणि ॲलन रिकमनचा तो थकलेला आवाज ऐकला की तो विसरता येत नाही. त्या पोशाखाच्या आत वॉर्विक डेव्हिस आहे, आणि नुसत्या चालीतून उदासपणा दाखवणं हे मोठंच काम आहे. व्होगॉनही जिम हेन्सनच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष घडवलेले आहेत, त्यामुळे त्यांचं बोजडपण अंगावर येतं. यानातली सगळी मंडळी अचानक लोकरीच्या विणलेल्या बाहुल्या होतात तो क्षण, किंवा मॅग्रेथिया या ग्रहावर नवे ग्रह बनवण्याचा अवाढव्य कारखाना उलगडत जातो तो भाग, हे फक्त पडद्यालाच जमतं. कारखान्याच्या त्या दृश्यात खोलीत कुणी बोललं नाही. तिथे मी सिनेमाच्या बाजूचा.

मात्र ‘मूळ पुस्तकाशी इमान राखलं नाही’ या तक्रारीत मला फारसा दम वाटत नाही. मूळ म्हणजे कुठलं? रेडिओमालिका आणि कादंबरी एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, टीव्ही मालिका तिसरंच काही करते, आणि हे सगळे बदल ॲडम्सनंच केलेले आहेत. सिनेमात एक बंदूक आहे. ती ज्याच्यावर रोखली जाते त्याला समोरच्याच्या नजरेनं जग दिसायला लागतं. पुस्तकात ती नाही, म्हणून आमच्याकडे दोघं रागावले होते. पण ती कल्पना ॲडम्सचीच, सिनेमासाठी सुचलेली. जॉन माल्कोविचनं केलेलं हुमा कवुला हे पात्रही त्यानंच नव्यानं घडवलेलं. लेखकानं स्वतः ज्या गोष्टीला कधी एका साच्यात बसवलं नाही, तिच्या बाबतीत आपण वाचकांनी साच्याचा आग्रह धरू नये.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती प्रेमकथेबद्दल आहे. कादंबरीत आर्थर आणि ट्रिलियन नावाची तरुणी एका पार्टीत भेटलेले असतात आणि दोन डोक्यांचा झेफॉड तिला घेऊन जातो. पुढे दोघांची अंतराळात गाठ पडते, पण त्यांची प्रीती काही फुलत नाही. सिनेमात ती फुलवली आहे. शेवटी पृथ्वी पुन्हा उभी राहते आणि आर्थरला ट्रिलियनही मिळते. फर्ग्युसनमधला एक मुलगा म्हणाला, ‘‘दोन तासांच्या सिनेमाला काहीतरी धागा लागतोच की.’’ लागतो, मान्य. पण ॲडम्सच्या विश्वात माणसाची कुणाला पर्वा नाही, हीच सगळ्या हसण्यामागची जागा आहे. जीवन, विश्व आणि एकूण सगळ्याचं उत्तर काढायला एक महासंगणक ७५ लाख वर्षं घेतो आणि ४२ असं सांगतो. अशा विश्वात नायकाला घर आणि प्रेयसी परत मिळाली की विनोदातला तो कोरडा थंडपणा जातो, गोष्ट चारचौघांसारखी होते.

याउलट एक जागा अशी आहे जिथे सिनेमानं पुस्तकाची वाक्यं जवळजवळ तशीच ठेवली, आणि तिथे आमचे दोन्ही तट एकत्र हसले. आकाशात अचानक एक देवमासा निर्माण होतो आणि खाली पडायला लागतो. पडता पडता तो विचार करतो. मी कोण, ही शेपटी कसली, हा जोरानं येणारा वारा काय, आणि ही खालून मोठी मोठी होत येणारी वस्तू माझी मैत्रीण होईल का? बिल बेलीनं हा आवाज दिला आहे. दृश्यात पाहण्यासारखं म्हटलं तर काय, एक मासा पडतोय. पण स्वगत पुरतं बोलू दिलं आहे, घाई केलेली नाही. हशा झाला आणि तो मासा जमिनीवर आदळला तेव्हा हसणं मध्येच थांबलंही. बिबट्याच्या पाटीला आणखी अर्धं मिनिट दिलं असतं तर काय झालं असतं, याचा पुरावा त्याच सिनेमात आहे.

आपल्याकडे चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचंही असंच झालं आहे. त्या कथा चिमणराव स्वतः सांगतो, आपली फजिती अगदी गंभीरपणे सांगतो, आणि वाचक त्याच्या डोक्यात बसून हसतो. कॅमेरा आला की चिमणराव बाहेरून दिसतो. १९४०च्या ‘लग्न पहावं करून’मध्ये दामुअण्णा मालवणकरांनी आणि पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ती तूट आपल्या चेहऱ्यानं, चालीनं आणि आवाजानं भरून काढली. म्हणून प्रभावळकरांच्या चिमणरावावर पुस्तकप्रेमीही रागावले नाहीत. नटाला वाक्याची जागा घेता आली तर वाचक उदार होतो, असं मला दिसतं.

बैठकीच्या शेवटी आमच्यातल्या एकानं फोनवर एक ध्वनिफीत लावली. २००५ सालीच स्टीफन फ्रायनं ही अख्खी कादंबरी वाचून ध्वनिमुद्रित केली आहे. सिनेमातला तोच आवाज, पण इथे त्याच्या हातात पूर्ण पुस्तक. तळघर आलं, नसलेला जिना आला, कपाट आलं, संडास आला. रस्तारुंदीवाले काका पाटीच्या आधीच हसायला लागले होते, आणि ‘आता बिबट्या, आता बिबट्या’ असं शेजारच्याला सांगत होते.

नमस्कार.