आठ कला

हे जे पाण्याच्या मधोमध हिरवंगार दिसतंय ना, ते व्हेन बेट. एका बाजूला डेन्मार्क, दुसऱ्या बाजूला स्वीडन, आकार जेमतेम साडेसात चौरस किलोमीटर. आज ते स्वीडनमधे आहे पण आपली गोष्ट घडली तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं होतं. दुर्बीण अजून कोणी आकाशाकडे रोखलीच नव्हती त्या काळात युरोपातली सगळ्यात अचूक वेधशाळा इथे होती. शाळेत विश्वाची गोष्ट सांगताना कोपर्निकसवरून थेट गॅलिलिओवर उडी मारतात, मधला हा माणूस आणि त्याच्याकडे रात्र रात्र जागणारी पोरं राहूनच जातात.

माणसाचं नाव टायको ब्राहे. चित्रात नाक जरा वेगळं वाटतंय ते बरोबरच आहे, तरुणपणी तलवारबाजीत खऱ्या नाकाचा तुकडा गेला, मग धातूचं बसवलं. यूट्यूबवर त्या नाकावर भरपूर व्हिडिओ आहेत, आपण पुढे जाऊ.

१५६३ साली गुरू आणि शनी आकाशात अगदी जवळ आले. टायको तेव्हा सोळा वर्षांचा. त्याने पंचांगासारखी छापील कोष्टकं काढून बघितली, तर जुन्या कोष्टकांची तारीख महिनाभर चुकलेली आणि कोपर्निकसच्या गणितावरून केलेली नवी कोष्टकंसुद्धा काही दिवसांनी चुकलेली. म्हणजे सूर्य मधे की पृथ्वी मधे यावर विद्वानांचं भांडण जोरात, आणि ग्रह नक्की कुठे आहे हे नीट मोजलेलं कोणाकडेच नाही!

मग ११ नोव्हेंबर १५७२. शर्मिष्ठा तारकासमूहात, जिथे काहीच नव्हतं तिथे एक झगझगीत तारा. टायकोचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून त्याने नोकरांना विचारलं, रस्त्याने जाणाऱ्यांना विचारलं, तुम्हालाही दिसतोय का? पुढे तो मोजत राहिला. तारा जवळ असता तर संध्याकाळी आणि पहाटे बाकीच्या ताऱ्यांच्या मानाने थोडा सरकलेला दिसला असता, चंद्र सरकतो तसा. हा हललाच नाही. चंद्राच्या पलीकडे काहीही बदलत नाही असं अॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं, त्याला इथे तडा गेला.

१५७६ मधे राजा फ्रेडरिक दुसरा याने हे बेट टायकोला देऊन टाकलं, बेटावरच्या शेतकऱ्यांसकट. महाल, बागा, छापखाना, कागदाची गिरणी हे सगळं उभं राहिलं त्यात या शेतकऱ्यांची वेठबिगारी आहे, आणि त्यांच्या तक्रारीही होत्या.

आता हे चित्र नीट बघा, इथे थोडं थांबणार आहोत. बरोबर उत्तर-दक्षिण अशी बांधलेली भिंत, तिच्यावर पितळेची जवळजवळ दोन मीटर त्रिज्येची पाव वर्तुळाची पट्टी. मधे हात वर करून बसलेला टायको आणि पायाशी कुत्रा, हे भिंतीवर रंगवलेलं चित्र आहे, शोभेला. खरं काम कडेला चाललंय. उजवीकडे एकजण पट्टीवर सरकणाऱ्या फटीतून समोरच्या झरोक्यात तारा पकडतोय, दोन्ही फटींतून तारा सारखाच दिसला पाहिजे, एकीतून जास्त आणि दुसरीतून कमी दिसला तर अजून जरा सरकवायचं. तारा भिंतीच्या रेषेत आला की तो ओरडणार, घड्याळाजवळचा वेळ सांगणार, टेबलापाशी बसलेला लिहून घेणार. पट्टीवरच्या खुणांच्या मधे तिरप्या ठिपक्यांच्या ओळी आहेत, त्यामुळे अंशाचा अगदी बारीक तुकडाही वाचता येतो. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला, आणि पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला भरते. या लोकांची मोजमापं नुसत्या डोळ्यांनी साधारण एका कलेपर्यंत बरोबर यायची.

(इथे निवेदन नाही, फक्त वाऱ्याचा आवाज)

हाच वारा. वरच्या मजल्यावरची यंत्रं याने हलायची म्हणून टायकोने ही दुसरी वेधशाळा जमिनीत खणून बांधली, वर फक्त छपरं, ती आज परत बसवलेली आहेत. दोन ठिकाणी दोन टोळ्या एकमेकांना न विचारता तेच मोजायच्या आणि मग आकडे ताडून बघायचे. त्यात शेतकऱ्याच्या घरातून आलेला लाँगोमाँटॅनस होता, पुढे नकाशांसाठी गाजलेला ब्लाऊ येऊन शिकून गेला, आणि त्याआधी १५७३ च्या चंद्रग्रहणाच्या वेधाला टायकोची बहीण सोफी मदतीला होती. १५७७ चा धूमकेतूसुद्धा त्या नव्या ताऱ्यासारखाच मोजला होता, तोही चंद्राच्या पलीकडे निघाला. ग्रहांना काचेसारखे गोल धरून ठेवतात असं तेव्हा मानायचे, ते गोल असते तर हा आरपार गेलाच कसा?

हे प्राग, टायन चर्च. नवीन राजाशी पटेना, टायकोने १५९७ मधे बेट सोडलं आणि शेवटी इथे सम्राटाच्या पदरी आला. लाल दगडात कोरलाय तो चिलखतासकट. १६०१ मधे गेला आणि शेवटपर्यंत त्याचं मत की पृथ्वी हलत नाही. मत चुकलं, आकडे चुकले नाहीत.

आकडे आले प्रागमधला त्याचा मदतनीस, गणिती योहानेस केप्लर याच्या हातात. मंगळाची कक्षा वर्तुळ धरून त्याने वर्षानुवर्षं गणितं केली, सगळं छान बसलं आणि एका ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. दुसऱ्या कोणाचे आकडे असते तर मोजणाऱ्याची चूक म्हणून सोडून दिलं असतं, पण व्हेनवरचे लोक आठ कला चुकणारे नव्हते हे त्याला माहीत होतं. त्याने दोन हजार वर्षांचं वर्तुळ सोडलं. १६०९ च्या पुस्तकात मंगळ लंबवर्तुळात फिरतो, न्यूटन पुढे त्याच्यावरच उभा राहिला.

१६२७ ची ही रुडॉल्फाइन कोष्टकं, टायकोच्या आकड्यांवरून केप्लरने केलेली ग्रहांची नवी कोष्टकं, हे मुखपृष्ठाआतलं चित्र. देवळाच्या खांबांपाशी कोपर्निकस आणि टायको, खालच्या पट्टीत मेणबत्तीच्या उजेडात केप्लर, छापखान्यातले कामगारसुद्धा काढलेत. फटीला डोळा लावून बसणारा मात्र कुठेच नाही. केप्लर १६३० मधे गेला, आणि ७ नोव्हेंबर १६३१ ला बुध सूर्यासमोरून जाईल असं त्याने सांगून ठेवलं होतं ते पॅरिसमधे गासेंदी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने त्याच दिवशी बघितलं.