शीर दुखावलेला घोडा पुन्हा कामाला लावताना

मंडळी, घोड्याची शीर दुखावली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, पायाला कोणती पट्टी बांधू?" पट्टीबद्दल मी बोलणारच आहे. पण पट्टीनं शीर बरी होत नाही, आणि पट्टी बांधली म्हणून घोडा पळवायची मुभा मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याच्या खाली मांस जवळजवळ नसतंच. नळीचं हाड असतं आणि त्याच्या मागून खुरापर्यंत उतरणाऱ्या दोन जाड कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, असतात. आपण सगळे त्यांना शिराच म्हणतो. एक कातडीला लागून, दुसरी तिच्या आत. दुखावते ती बहुतेक वेळा बाहेरची, आणि तीही पुढच्या पायाची. भरधाव पळताना प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की सगळा भार एका पुढच्या पायावर पडतो. खुराच्या वरचा सांधा तेव्हा जमिनीकडे दबतो आणि ती शीर तिच्या सोसण्याच्या टोकापर्यंत ताणली जाते. वरातीत नाचणारी घोडी पुढचे पाय उचलून डांबरी रस्त्यावर आदळते, तेव्हाही भार तिथंच येतो. घोडा थकलेला असला की धोका वाढतो.

तुटलेल्या तंतूंच्या जागी शरीर नवे तंतू भरतं, पण ते आडवेतिडवे असतात आणि मूळच्यापेक्षा कमी ताण सोसतात. कासरा तुटला की आपण गाठ मारतो. गाठ धरते, पण पुढच्या वेळी कासरा गाठीच्या शेजारीच तुटतो. शिरेचंही तेच होतं. हे नवे तंतू ओढीच्या दिशेनं सरळ लागायला कित्येक महिने जातात. लंगडणं मात्र तीन-चार आठवड्यांत थांबतं, सूज उतरते, घोडा ठाणावर टापा आपटायला लागतो. मालकाला वाटतं, झालं! दुसऱ्यांदा शीर जाते ती बहुतेक याच काळात. म्हणून मनाशी पक्कं धरा : ९ ते १२ महिने. जखम मोठी असेल तर दीड वर्षसुद्धा.

पहिल्या दिवसांत काय करायचं? थंडावा द्यायचा. बोअरचं गार पाणी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गरम विटेचा शेक या दिवसांत अजिबात नको. बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. ही माझी हात जोडून विनंती आहे. कातडी भाजते, जनावर तळमळतं, आणि आतली शीर त्यानं एक दिवसही लवकर भरत नाही. सुजेवरचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. दुखणं दबलं की घोडा पाय जपायचं विसरतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की हातात धरून चालवायचं. सुरुवात ५ ते १० मिनिटांची. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत पाऊण तासावर यायचं, आणि दुखापतीला साधारण तीन महिने होईपर्यंत तेवढंच चालवायचं. मग शिरेची सोनोग्राफी करून घ्यायची, आणि ती ठीक असेल तरच दुडकी चाल, तीही दोन-तीन मिनिटांपासून. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करा. सहा महिन्यांच्या आत चौखूर नाही. काव्यावर, म्हणजे लांब दोरीवर, गोल फिरवणं तर बरेच दिवस टाळायचं, कारण वळणात पायावर भार सारखा पडत नाही. आणि चंदी कमी करा! ठाणावर बांधलेल्या घोड्याला पूर्वीइतकाच हरभरा घातला, तर तो दोरीवर उड्या मारणार आणि महिन्याची मेहनत एका उडीत जाणार.

आता जमीन. पट्टीपेक्षा हा विषय मोठा आहे, आणि नेमकं इकडेच कुणाचं लक्ष नसतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत खूर अडकून पाय पिरगाळतो. पावसाळ्यात तीच माती खुराला चिकटते, पाय ओढून काढावा लागतो आणि पुढच्याच पावलाला तो घसरतो. नांगरट मऊ दिसते म्हणून काही जण मुद्दाम घोडा तिथं नेतात. मऊ आहे खरी, पण खूर खोल रुततो आणि शीर लवकर थकते. दबलेल्या मुरमाचा, दगडगोटे वेचलेला, सपाट रस्ता सगळ्यात चांगला. सावकाश चालण्यापुरता डांबरी रस्ताही चालतो, दुडकीला नाही.

पट्टी किंवा बूट यांचं खरं काम बाहेरचा मार अडवणं हे आहे. चालताना एक खूर दुसऱ्या पायाला घासतो. मागचा खूर पुढच्या पायाच्या शिरेवर बसतो. बरेच दिवस ठाणावर बांधून ठेवलेल्या घोड्याचं पाऊल अडखळतं, त्यामुळे हा मार त्याला जास्त लागतो. तेवढ्यासाठी बूट जरूर घाला. पण सगळा भार पडल्यावर खुराच्या वरचा सांधा जेवढा दबायचा तेवढा दबतोच, कापडाची पट्टी त्याला थोपवू शकत नाही. उलट ती उष्णता कोंडते. भरधाव घोड्याच्या शिरेच्या गाभ्यात ४५ अंशांपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे. त्यावर मे महिन्यातलं आपलं ऊन आणि फोमचा जाड बूट! हलका, हवा खेळणारा बूट घ्या, आणि काम संपलं की लगेच काढून पायावर पाणी सोडा.

पट्टी बांधायची तर आधी पाय पुसून घ्या. एक खडा आत राहिला तरी जखम होते. खाली कापसाची जाड, सपाट गादी, सुरकुती न पडू देता. पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर यावा आणि ताण सगळीकडे सारखा असावा. वरच्या कडेतून एक बोट आत जायला हवं. गाठ बाहेरच्या बाजूला, मागं शिरेवर कधीच नाही. सुतळीनं आवळून बांधलेल्या पट्टीनं धडधाकट शीर दुखावलेली मी पाहिली आहे : पट्टी सोडली तर नळीच्या मागं बोटभर खाच, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच गरम फुगवटा.

खुरांचं थोडक्यात सांगतो. पुढचा भाग लांब वाढू देऊ नका, साधारण दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवा. टाच उंच करणारी नाल आपल्या मनानं ठोकून घेऊ नका. आतल्या शिरेला तिनं आराम मिळतो, पण बाहेरच्या शिरेवर भार वाढू शकतो.

रोज सकाळी, काम सुरू करण्याआधी, तळहाताची मागची बाजू दोन्ही पायांच्या शिरांवरून वरून खाली फिरवा. एक पाय जास्त गरम लागला, किंवा दाबल्यावर घोड्यानं पाय झटकला, तर त्या दिवशी काम बंद, आणि डॉक्टरांना फोन.

तिकडून एका दादांनी विचारलं, लग्नसराईची सुपारी घेऊ का? दादा, तुमचं पोट त्या घोडीवर आहे, हे मला माहीत आहे. पण सहा महिन्यांच्या आतली सुपारी घेऊ नका. त्यानंतर सोनोग्राफी चांगली आली, डॉक्टर हो म्हणाले, तर नवरदेवाला बसवून सपाट रस्त्यावर नुसतं चालवणं जमेल. पारावरून मांडवापर्यंत, एवढंच. घोडी नाचणार नाही, हे सुपारी घेतानाच वरपक्षाला सांगून टाका.