हिशेब पक्का, बेत कच्चा

[दृश्य: सिव्हिलायझेशन ६ चा नकाशा, पहिली खेळी]

निवेदन:
सिव्हिलायझेशन ६, राज्य उभारून वाढवण्याचा संगणकावरचा खेळ. अवघडपणाची आठवी आणि शेवटची पायरी, डीटी. खेळाडूकडे एक सेटलर, म्हणजे शहर वसवणारी तुकडी, आणि एक वॉरियर, म्हणजे साधी लढाऊ तुकडी. धुक्याआड बसलेल्या संगणकाकडे तीन सेटलर आणि पाच वॉरियर. शिवाय त्याचं उत्पादन आणि सोनं ८० टक्के जास्त, विज्ञान आणि संस्कृती ३२ टक्के जास्त, आणि प्रत्येक लढतीत ४ गुण फुकट. चार गुण किरकोळ वाटतात. पण इथे तुकडीचा जीव १०० चा असतो. बरोबरीच्या दोन तुकड्या भिडल्या की साधारण ३० कमी होतो. ४ गुणांचा फरक असला की ३५.

ही सगळी खैरात कशासाठी? कारण पायरी बदलली तरी डोकं फारसं बदलत नाही. चौथ्या पायरीवर, म्हणजे प्रिन्सवर, जो एआय, म्हणजे संगणकाचं डोकं, बरोबरीने खेळतो, जवळपास तोच आठव्या पायरीवर भरली तिजोरी घेऊन बसतो. त्याला हिशेब उत्तम जमतो. चार खेळ्यांपुढचा बेत आखून तो तडीला नेणं जमत नाही.

[दृश्य: शहराभोवती षटकोनी घरं, चालून येणाऱ्या तुकड्या]

निवेदन:
सिव्हिलायझेशन मालिकेच्या चौथ्या भागापर्यंत नकाशाच्या एका चौकोनात हव्या तितक्या तुकड्या मावत. एआयच्या ते पथ्यावर पडायचं. ढीग जमवायचा आणि शहरावर लोटून द्यायचा. २०१० मध्ये पाचवा भाग आला. घरं षटकोनी झाली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम आला. आता कोण आधी हलतं यावर लढाई ठरू लागली, आणि एआय तिथेच अडखळतो. प्रत्येक तुकडीसाठी तो त्या घडीला बरं दिसणारं घर निवडतो. मग तिरंदाज तलवारवाल्यांच्या पुढे जातात, मागच्या कॅटापल्टची, म्हणजे दगडफेकी यंत्राची, वाट अडते, आणि दहा तुकड्यांच्या फौजेतल्या तीनच भिंतीला भिडतात.

बचाव त्यानुसार आखायचा. सीमेवरचं शहर टेकडीवर किंवा नदीकाठी, भिंत सगळ्यात आधी. एक तिरंदाज शहरात, दुसरा त्याच्या मागच्या घरात, आणि अरुंद वाटेत एक वॉरियर फोर्टिफाय करून, म्हणजे जागीच बचावाला रोवून. भिंतीचा मारा आणि दोन्ही तिरंदाजांचे बाण एकाच तुकडीवर पडले पाहिजेत. दोन शत्रू अर्धमेले करण्यापेक्षा एक संपवलेला बरा, कारण अर्धमेलाही वार करतो आणि मागे सरून बरा होतो. पहिला नेम तलवारवाल्यांवर. शहर फक्त हातघाईची तुकडी घेऊ शकते, तिरंदाज नाही. तलवारवाले संपले की उरलेले तिरंदाज भिंतीखाली घुटमळत राहतात, त्यांना सावकाश टिपता येतं.

पाण्यावर तर सगळाच आनंद आहे. एआय पायदळ होड्यांत बसवतो आणि बऱ्याचदा सोबत लढाऊ जहाज देत नाही. एक गॅली, म्हणजे वल्ह्यांचं लढाऊ जहाज, बास होते.

[दृश्य: काळा पडदा, स्क्रिप्टच्या दोन ओळी]

निवेदन:
१९९९ च्या एज ऑफ एम्पायर्स २ या लढाईच्या खेळामध्ये संगणकाचं डोकं चक्क उघडून वाचता येतं. ते साध्या मजकुराच्या, पीईआर नावाच्या फाइलमध्ये असतं. नियमाला दोन भाग, वर अट आणि खाली कृती. समजा, अट आहे ‘मिलिटरी-पॉप्युलेशन २० च्या वर’ आणि कृती ‘अटॅक-नाऊ’. संगणक फाइल वरून खाली पुन्हा पुन्हा तपासतो. अट खरी ठरली की हल्ला निघाला.

मेख आकड्यात आहे. त्या वीसमध्ये कोण आहेत हे पाहायला वेगळी अट लिहावी लागते. ती नसेल तर वीस जखमी स्कर्मिशर, म्हणजे हलके भालाफेके, आणि वीस ताजे नाइट, म्हणजे तगडे घोडेस्वार, सारखेच. जुन्या स्क्रिप्टना पैशाची अडचण आली की उपाय तयारच होता: ‘सीसी-ॲड-रिसोर्स’ या आज्ञेने तिजोरीत परस्पर भर घालायची. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीतला एआय मात्र वेगळ्या तोडीचा आहे. मँगोनेल या दगडफेकी यंत्राचा दगड सुटला की त्याचे शिपाई पांगतात, आणि ते माणसाच्या बोटांना सहज जमत नाही. सुधारणा झाली ती बोटांची.

[दृश्य: युरोपा युनिव्हर्सॅलिस ४, डोंगराळ प्रांत]

निवेदन:
युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ या राज्य चालवण्याच्या खेळाचा एआय जास्त सावध. लढायचं की नाही, हे तो दोन्ही बाजूंचं बळ तोलून ठरवतो. या तोलण्यालाच फसवायचं. डोंगराळ प्रांतात आमिष म्हणून लहान सैन्य ठेवा, मुख्य सैन्य शेजारच्या प्रांतात. एआयला समोर लहान सैन्य दिसतं आणि तो चालून येतो. फासा ० ते ९ चा असतो आणि दर तीन दिवसांनी पडतो. डोंगरात चढाई करणाऱ्याचे त्यातून २ वजा, वाटेत नदी ओलांडली तर आणखी १. लढाई सुरू झाली की मुख्य सैन्य आत घाला. तुम्ही मागाहून आलात तरी चढाई करणारा तोच राहतो, म्हणून वजाबाकी त्याच्याच माथी.

हा डाव अंगावर येतो तो दोन चुकांनी. मुख्य सैन्य लांब ठेवलं, तर ते पोहोचेपर्यंत आमिषाचं मनोबल संपतं. आणि आमिष फारच लहान ठेवलं, म्हणजे शत्रू दहापट निघाला, तर लढाईच होत नाही. अख्खी तुकडी जागच्या जागी पुसली जाते.

[दृश्य: बुद्धिबळाचा पट, मग तुकड्यांनी भरलेला नकाशा]

निवेदन:
बुद्धिबळात संगणक जगज्जेत्याला हरवतो, मग इथे काय होतं? बुद्धिबळात एका स्थितीतून साधारण ३५ खेळ्या निघतात, आणि एका वेळी एकच मोहरा हलतो. इथे चाळीस तुकड्या आहेत. प्रत्येकीपुढे दहाच पर्याय धरले तरी एका खेळीच्या शक्यता एकावर चाळीस शून्यं. त्यात आठ-दहा राज्यांचा विचार काही सेकंदांत उरकायचा, नाहीतर खेळाडू वैतागतो.

दुसरं कारण मुद्दाम केलेलं आहे. सिव्हिलायझेशन ४ चे डिझायनर सोरेन जॉन्सन यांनी २००८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हाच विषय मांडला. एआय जिंकण्यासाठी लिहायचा की समोरच्याला खेळण्यात मजा यावी म्हणून? शंभर खेळ्यांचा मित्र तुम्ही जिंकायला आलात म्हणून उलटला, तर ते डावपेचात बसतं, पण खेळाडूला दगा वाटतो. खेळाडू स्वतः मात्र हेच बिनदिक्कत करतात. सिव्हिलायझेशनच्या पाचव्या भागात एआयकडून रोख सोनं उचलायचं, बदल्यात दर खेळीला हप्ते कबूल करायचे आणि लगेच युद्ध पुकारायचं. करार तुटला, हप्ते बुडाले, रोकड आपली. अखेर २०१३ च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या त्याच्या विस्तारापासून रोख सोन्याचा सौदा मैत्रीच्या जाहीर घोषणेशिवाय बंद झाला.

[दृश्य: टोटल वॉर, वेढा पडलेलं शहर]

निवेदन:
टोटल वॉर या लढायांच्या खेळांच्या मालिकेत कच्चेपणा दिसतो तो वेढ्यात आणि समुद्रावर. तिच्यातला एम्पायर हा खेळ २००९ मध्ये आला. त्यात मराठ्यांचं राज्य घेऊन १७०० पासून खेळता येतं. सुरुवातीच्या आवृत्तीत एआयला समुद्रापार फौज उतरवताच येत नव्हती. किनारा मोकळा सोडला तरी युरोपातून कुणी येत नसे. पुढे पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटने, हे बदललं.

याच मालिकेतल्या २००४ च्या रोममध्ये भिंतीवरून अग्निबाणांनी आधी दरवाजा फोडायला येणारा रॅम जाळायचा, मग बुरूजगाडे. साधनं गेली की हल्लेखोर बऱ्याचदा मागे फिरतही नाहीत आणि पुढेही येत नाहीत. बाणांच्या टप्प्यात उभे राहतात. त्यांचा सेनापती घोडदळासह पुढे घुसतो, म्हणून भालेवाले राखून ठेवायचे. तो पडला की सगळ्या फौजेचा धीर सुटतो.

अशा जागा स्वतः शोधायच्या तर लढाईआधी सेव्ह करा, तीच लढाई दोनदा लोड करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला, सेनापतीची जागा किंवा भालेवाल्यांची रांग. रोमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मात्र मोहिमेच्या नकाशावर ही रीत चालत नाही. सेव्ह केलेला खेळ लोड झाला की एआय आधीचं सगळं विसरून नव्याने विचार करायचा, आणि पडत आलेल्या शहराचा वेढा उठवून चालू लागायचा.