थरथरणारी फळी आणि पोटावरची चरबी

व्यायामाच्या यंत्राची ही फळी सेकंदाला तीसएक वेळा वरखाली होते आहे. हालचाल जेमतेम काही मिलिमीटरची. तिच्यावर उभं राहिलं की प्रत्येक धक्क्यासरशी पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू किंचित ताणले जातात. तो ताण मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि मेंदूची वाट न पाहता स्नायू आपोआप आकसतात. मेहनत होते ती स्नायूंची. चरबीही हलते, पण हलल्यामुळे ती वितळत नाही.

तरी थरथरून चरबी उतरेल, ही आशा फार जुनी. एकोणिसाव्या शतकात स्वीडनचे डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी कंपन देणारी यंत्रं बनवली होती. पुढे कमरेला पट्टा लावून पोट हलवणारी यंत्रं आली.

२००७मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाने ही आशा पुन्हा जागवली. उंदरांना रोज १५ मिनिटं, १५ आठवडे अगदी सौम्य कंपनं दिली. त्यांच्या धडातली चरबी इतर उंदरांपेक्षा सुमारे २७ टक्के कमी भरली. बातमी गाजली, पण एक गोष्ट नीट ऐका. ते उंदीर लठ्ठ नव्हते, वाढत्या वयाचे होते. त्यांच्यात चरबी कमी साठली. साठलेली चरबी उतरवणं हा वेगळाच प्रश्न आहे.

तो प्रश्न बेल्जियममध्ये अँटवर्पच्या संशोधकांनी माणसांबाबत विचारला. जादा वजनाच्या प्रौढांना सहा महिने आहारनियंत्रणाबरोबर कंपनाचे व्यायाम दिले. आतड्यांभोवतीची, म्हणजे जास्त घातक असलेली चरबी घटली आणि वर्षअखेरीसही ती कमीच राहिली. निकाल उमेद देणारा आहे, पण गट लहान होते. शिवाय ही माणसं फळीवर नुसती उभी नव्हती, व्यायाम करत होती. आणि आहारावर ताबा होताच.

नुसतं उभं राहून किती ऊर्जा खर्च होते? साधारण सावकाश चालण्याइतकी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. दहा मिनिटांच्या थरथरीने हा हिशेब जुळत नाही.

मग हे यंत्र कुणासाठी? ज्यांचे गुडघे दुखतात, थोडं चाललं तरी ज्यांना धाप लागते, त्यांच्यासाठी. पायांत ताकद आली तर चालणं सुरू करता येतं, आणि वजनाच्या दृष्टीने मला हाच फायदा मोठा वाटतो.

मात्र गर्भारपण, पेसमेकर, पायात रक्ताची गुठळी, मूतखडा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फळीवर चढू नका. चढलात तर गुडघे किंचित वाकवा. ते ताठ ठेवले, तर धक्के थेट मणक्यात आणि डोक्यात जातात.