सहा ऋतू आणि एक वळीव

अध्यक्षांनी आत्ताच चिठ्ठी सरकवलीय, ‘चाळीस मिनिटं’. मागच्या खेपेला याच वाचनालयात मी चाळीसाची ऐंशी केली आणि शेवटी माईकवाला येऊन माईकच घेऊन गेला. म्हणून आज सुटसुटीत विषय: आपल्या बेळगावकडचे सहा ऋतू.

पण आधी एक गाऱ्हाणं. दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी पोरांनी धोशा लावला, ‘पप्पा, आंबोलीला पावसाळा बघायला जाऊया.’ म्हटलं, अरे, पावसाळा कौलांवर वाजतोय, तो बघायला साठ-सत्तर किलोमीटर कशाला? पण घरात माझं कोण ऐकतंय! तुम्ही इथं पैसे न देता आलाय म्हणून ऐकताय. घाटात तीन तास मी एका टेम्पोची पाठ बघितली. तिच्यावर लिहिलेलं, ‘पुन्हा भेटू’. पाच फूट पुढं सरकायचं, की पुन्हा भेट. धबधबा दिसला तो पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये, तोही आडवा.

परतीच्या वाटेवर सुळग्याजवळ गाडी पंक्चर झाली. जॅक लावता लावता मान वर केली, तर लावणी झालेल्या शिवारावरनं वारा येत होता. भाताचं पातं लवलं की खालची फिकट बाजू वर येते. त्यामुळं एक फिका पट्टा या बांधापासून त्या बांधापर्यंत पळत जायचा, आणि मागनं पुन्हा गडद हिरवं. मी लेकीला हाक मारली. ती काचेतनंच म्हणाली, ‘हे तर रोजचंच आहे!’

माझं भांडण आहे ते या ‘रोजचंच’शी.

ऋतू बदलला हे माझ्या आईला खिडक्यांवरनं कळायचं. वळीव पूर्वेकडनं येतो. दुपारभर उकडतं, चारच्या सुमाराला तिकडं काळं होतं, धूळ उठते, आणि आई ओरडायची, ‘अंगणाकडची खिडकी लाव!’ मिरगाचा पाऊस पश्चिमेकडनं, जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरावरनं. तो लागला की हाक बदलायची, ‘परसाकडची लाव!’ ज्या दिवशी परसाकडची खिडकी पहिल्यांदा लागली, त्या दिवशी आमच्या घरात पावसाळा सुरू. हवामान खात्याची वाट कुणी बघितली नाही.

मिरगावरनं आठवलं. आमचे शेजारी कन्नड, तेही मिरगच म्हणतात. त्यांच्याकडं पावसाला ‘मळे’ म्हणतात आणि आमच्याकडं मळा म्हणजे शेत. त्यांचा मळे आमच्या मळ्यात पडतो, त्यासाठी अजून तरी कुणी आयोग नेमलेला नाही. (हसलात, बरं झालं. मागच्या वर्षी या वाक्याला शांतता होती.) सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो: २५ मेच्या सुमाराला रोहिणी, ७-८ जूनला मृग, मग आर्द्रा, पुढं पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. एवढी नावं असताना आम्ही फोनवर विचारतो काय, तर ‘तिकडं पाऊस आहे का?’ अहो, कुठला पाऊस? एकाच जिल्ह्यात कणकुंबीला दिवसेंदिवस झड असते आणि अथणीचा शेतकरी आभाळाकडं बघत बसतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. उरलेले ऋतू पळवतो. शरदात भाताची लोंबी पोटरीतनं बाहेर पडते, तेव्हा सकाळी बांधावर जा. वास येतो, बासमती असेल तर फारच. हेमंतात भात कापलं की येळ्ळूर-वडगावच्या काळ्या रानात त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. वर थेंब न पडता जमीन दुसरं पीक देते, याच्यावर खरं तर अख्खं व्याख्यान होतं माझं. शिशिरात धुकं. वसंतात खानापूरकडं काजूची बोंडं. ग्रीष्मात पावसाआधीच कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी आणि जांबोटीकडच्या बायकांच्या पाटीतली करवंदं. पानाच्या द्रोणातली घ्या, पिशवीतली चेंगरतात.

आता शेवटचा मुद्दा, म्हणजे मुख्यच... अहो, मागं बसलेले, ती पूर्वेची खिडकी लावा आधी. सतरंजी भिजतेय.