राखणदार बाई

आधीच सांगून टाकते, या व्हिडिओत ओरिजिनल क्लिप एकही दिसणार नाही. कॉपीराइटचं लफडं असतं, त्यामुळे मी वहीत पेन्सिलने काढलेली चित्रं आणि हातातली ही काठी, एवढ्यावर भागवून घ्या. काठी कसली, आमच्या घरातला जळमटं काढायचा झाडू आहे, पुढचा कुंचा काढून टाकलाय. कशासाठी ते पुढे कळेलच.

तर विषय असा की मला दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं, एखादं चांगलं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीज, सांग ना, पण त्यात पोरी नुसत्या हिरोच्या नावाने किंचाळणाऱ्या नकोत. आणि माझं उत्तर कित्येक वर्षं तेच आहे. सेइरेई नो मोरिबितो. इंग्रजीत त्याला मोरिबितो: गार्डियन ऑफ द स्पिरिट म्हणतात. गार्डियन वगैरे ठीक आहे, पण मोरिबितोला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे, राखणदार. कोकणात, गोव्यात वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला लागत नाही, रात्री गावाच्या वेशीवर फिरणारा तो. इथे ती एक बाई आहे, जिवंत, हाडामांसाची, आणि पैसे घेऊन काम करणारी.

तिचं नाव बाल्सा. वय ३०.

हे वय मी मुद्दाम सांगतेय. माझ्या ११ वर्षांच्या भाच्याबरोबर मी ही सिरीज परत बघायला बसले, तर पहिल्याच एपिसोडला त्याने पॉज केलं आणि विचारलं, "मावशी, हीच हिरोईन आहे? ही तर तुझ्याएवढी आहे!" म्हणजे म्हातारी, असा त्याचा अर्थ. आणि त्याचं काही चुकलं नाही हो, ॲनिमेत तिशीची बाई म्हणजे कोणाची तरी आई नाहीतर शाळेतली टीचर, तलवारी-भाले सगळे शाळेच्या युनिफॉर्ममधल्या पोरांच्या हातात. बाल्साचे केस मागे कसेबसे बांधलेले, ओठ वाऱ्याने फुटलेले वाटावेत असा चेहरा, कपडे प्रवासाचे, धुळीने मळलेले. कॅमेरा तिच्या अंगावरून उगाच फिरत नाही. बाई काम करताना दिसते तशीच दिसते.

मूळ गोष्ट पुस्तकातली. लेखिका नाहोको उएहाशी, पुस्तक १९९६ सालचं, आणि ते चक्क मुलांसाठीचं पुस्तक. मुलांच्या गोष्टीत तिशीची भालाईत नायिका, विचार करा. उएहाशी नुसती लेखिका नाही, मानववंशशास्त्राची अभ्यासक, ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहून तिने काम केलंय, आणि हे लक्षात ठेवा कारण गोष्टीत ते जागोजागी दिसतं. २०१४ मध्ये तिला हान्स ख्रिस्तियन अँडरसन पुरस्कार मिळाला, बालसाहित्यातला जगातला सगळ्यात मोठा मानतात तो. ॲनिमे आलं २००७ मध्ये, एप्रिल ते सप्टेंबर, जपानच्या एनएचके टीव्हीवर, २६ एपिसोड, स्टुडिओ प्रॉडक्शन आय.जी., दिग्दर्शक केंजी कामियामा, संगीत केंजी कावाई. पुढे एनएचकेनेच हारुका आयासे या अभिनेत्रीला घेऊन खऱ्या माणसांची सिरीयलही केली, २०१६ पासून, पण आज तिचं नाही बोलणार.

गोष्ट सुरू होते पुलावर. न्यू योगो नावाच्या राज्यात बाल्सा परतलीय, भाला खांद्यावर, भाल्याला गाठोडं लटकवलेलं. राजघराण्याची बैलगाडी पुलावरून जातेय, बैल उधळतो, आणि आतला राजपुत्र चागुम नदीत पडतो. बाल्सा मागचापुढचा विचार न करता उडी मारते. पोरगा वाचतो. मग तिला राजवाड्यात बोलावणं येतं, गरम पाण्याची अंघोळ, पंचपक्वान्नं, आणि तुम्हाला वाटतं चला, बक्षीस मिळालं. रात्री राणी येते, ही धाकटी राणी, चागुमची आई, आणि ती बक्षिसाचं नाही, कामाचं बोलते. पोराच्या अंगात काहीतरी शिरलंय, आणि त्याचा बाप, म्हणजे खुद्द सम्राट, त्याला गुपचूप मारायला निघालाय. तू याला घेऊन पळ.

इथे बाल्सा जी काही वैतागते ना! कारण हे ऐकून घेतलं तिथेच तिचा गेम झाला. नाही म्हटलं तर एवढं गुपित कळलेल्या बाईला जिवंत सोडणार कोण, आणि हो म्हटलं तर सम्राटाचे मारेकरी मागे. आणि राणी रडतेय खरी, पण ती दुबळी म्हणून नाही, तिने हिशोब केलाय. आपल्या पोराला वाचवायचं तर त्याला आयुष्यात परत न बघण्याची तयारी ठेवायची आणि एका अनोळखी भाडोत्री बाईच्या हातात त्याचा हात द्यायचा. मला पहिल्यांदा बघताना बाल्साच भारी वाटली होती, आता दरवेळी या राणीपाशी घशात आवंढा येतो.

आता काठी. हे बघा, बाल्साचा भाला आखूड आहे, घोडेस्वारांचा लांबलचक असतो तसला नाही. म्हणजे काय होतं, तो दोन्ही हातांतून सरकतो. मी आमच्या पॅसेजमध्ये उभी आहे, रुंदी दोन्ही हात पसरता येणार नाहीत एवढी, आणि तरी बघा, काठी मागे ओढली की छोटी, पुढे सोडली की समोरच्याच्या छातीपर्यंत. आणि महत्त्वाचं म्हणजे मागचं टोक. पातं एकीकडे, पण मार बसतो तो बऱ्याचदा दांड्याचा, मनगटावर, गुडघ्यावर, बरगडीत. (हे करताना माझ्याकडून ट्यूबलाइट थोडक्यात वाचली, तो भाग कापलाय.) कारण बाल्साने एक शपथ घेतलीय, माणूस मारायचा नाही.

तिसरा एपिसोड या शपथेसाठी बघा. सम्राटाचे शिकारी, हे खास प्रशिक्षण घेतलेले मारेकरी आहेत, ते चौघं आणि ही एकटी, भातखाचरांमध्ये गाठ पडते. ॲनिमेत मारामारी म्हटलं की लोक हवेत उडतात, आपापल्या डावाचं नाव ओरडतात, डोंगर फुटतात. इथे नाव-बिव कोणी ओरडत नाही, श्वास ऐकू येतात फक्त, लाकडावर लोखंड आपटल्याचा आवाज, आणि प्रत्येक वार लागला की लागतो, पुढच्या सीनमध्ये जखम गायब होत नाही. समोरचे चौघं जीव घ्यायला आलेत आणि ही त्यांचा जीव न घेता त्यांना थांबवायचं बघतेय, म्हणजे हिचं काम त्यांच्यापेक्षा चौपट अवघड. ती जिंकते म्हणावं तर रक्तबंबाळ होऊन पडते, आणि मग तो ११ वर्षांचा राजपुत्र, ज्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने काही केलेलं नाही, तो धावत जाऊन वैद्याला घेऊन येतो.

वैद्य म्हणजे तांदा. तांदाबद्दल मला खूप बोलायचंय पण व्हिडिओ लांबेल. हा बाल्साचा लहानपणापासूनचा मित्र, जडीबुटीवाला, रानात झोपडी करून राहतो, रानभाज्या-मशरूम घालून असलं काही शिजवतो की बघताना भूक लागते. ती लढून येते, तो टाके घालतो, खायला घालतो, ओरडतो, ती परत जाते. वर्षानुवर्षं. भाच्याने विचारलं, "हा तिचा नवरा आहे?" म्हटलं नाही. "मग वाट का बघतो?" आता याचं उत्तर काय देणार, म्हटलं बघ पुढे. आपल्या सगळ्या गोष्टींमध्ये दारात उभी राहून वाट बघणारी बाई असते आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही, तोच रोल बाप्याला दिला की ११ वर्षांच्या पोरालाही खटकतं.

आणि तांदाची गुरू तोरोगाई. ही म्हातारी मांत्रिक, तोंडाने फटकळ, दारूची शौकीन, दिसायला अशी की राजवाड्यातल्या लोकांनी नाकाला रुमाल लावावा, आणि गोष्टीतलं सगळ्यात जास्त ज्ञान हिच्याकडे. ही याकू जमातीची, म्हणजे योगो लोक येण्याआधीपासून त्या जमिनीवर राहणारे. इथे लेखिकेचा अभ्यास दिसतो. राज्याच्या अधिकृत इतिहासात लिहिलंय की पहिल्या सम्राटाने पाण्याच्या राक्षसाला मारलं आणि राज्य वसवलं. याकूंच्या आठवणीत गोष्ट वेगळीच आहे, तो राक्षस नाहीच, पाण्याचं दैवत आहे, ते ठरावीक वर्षांनी अंडं घालतं, आणि ते अंडं नीट फुटलं नाही तर दुष्काळ पडतो. ते अंडं आत्ता चागुमच्या अंगात आहे. म्हणजे ज्याला सम्राट भुताटकी समजून मारायला निघालाय, त्याच्यावर सगळ्या राज्याचा पाऊस अवलंबून आहे. पण याकूंनाही आता ती गोष्ट पूर्ण आठवत नाही, गाण्यात थोडी, सणाच्या रिवाजात थोडी, असे तुकडे उरलेत, आणि ते जुळवत बसायचंय. बखरीत एक आणि जात्यावरच्या ओवीत दुसरं, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आता इशारा. मधले एपिसोड संथ आहेत. खूप लोक तिथेच सोडतात, मलाही पहिल्या वेळी वाटलेलं की अरे ती मारामारी कुठे गेली? पाठलागवाल्यांना वाटतं की दोघं मेले, आणि मग बाल्सा चागुमला घेऊन राजधानीजवळच एका पाणचक्कीत घर करते. संभाजीनगरला आहे तसली दगडी भव्य नाही, साधी लाकडी, खडखड करणारी. आणि मग काय, संसार. चागुमला पैसा म्हणजे काय माहीत नाही. बाजारात भाव कसा करायचा माहीत नाही. स्वतःबद्दल दरबारी थाटात बोलायची सवय मोडायची, नाहीतर शेजारपाजारच्यांना संशय येणार. हे एपिसोडच्या एपिसोड चालतं आणि मी आता म्हणते की सिरीजचा जीव इथेच आहे, कारण माणसाला वाचवणं म्हणजे एकदा नदीत उडी मारणं एवढंच असतं का, त्याला उद्या जेवायला पण लागतं, परवा पण लागतं, आणि त्याला लोकांत मिसळायला शिकवावं लागतं. बाल्सा त्याला "बाळा" वगैरे करत नाही. कामं सांगते, चुकलं तर परत करायला लावते.

यातलाच माझा सगळ्यात आवडता एपिसोड, आठवा, त्यात जवळजवळ काही घडत नाही. बाल्सा लोहाराकडे जाते, कारण तिच्या भाल्याचं पातं त्या लढाईत खराब झालंय. लोहार जुना ओळखीचा. पण त्याच्या कानावर आलंय की हिने राजपुत्र पळवला, त्यात तो मेला. आता अशा बाईसाठी हत्यार घडवायचं का? तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येतं, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे तेच सम्राटाचे शिकारी. लोहार बाल्साला आतल्या बाजूला बसवतो आणि बाहेर त्यांच्याशी गप्पा मारत बसतो. बस. आत ती, बाहेर ते, मध्ये एक आडोसा, आणि विषय काय तर हत्यार कशासाठी असतं. कोणी आवाज चढवत नाही. मी हा एपिसोड बघताना हातातला चहा निवून साय धरली होती.

आणि तिच्या शपथेमागचं कारण सांगायला सिरीज शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबते. हिवाळा, डोंगरातली गुहा, बाहेर बर्फ, आणि चागुमच्या हट्टामुळे बाल्सा सांगते. ती सहा वर्षांची होती. तिचा बाप कान्बाल देशाच्या राजाचा वैद्य, त्याला राजाच्या भावाने धमकावून राजाला विष घालायला लावलं. पोरीला तरी वाचव म्हणून त्याने आपल्या मित्राला, जिगुरोला गळ घातली, आणि जिगुरो मान, घर, हुद्दा सगळं सोडून तिला घेऊन पळाला. मागे पाठवले गेले ते त्याचेच जुने सोबती. एकेक करून आठ जण. आठही जणांना जिगुरोला मारावं लागलं, या पोरीसाठी. म्हणून बाल्साने ठरवलं, आठ जीव गेले तर आठ जीव वाचवायचे. यावर जिगुरो तिला सांगतो की वाचवणं हे मारण्यापेक्षा फार अवघड असतं.

हे ऐकताना भाचा गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ही चागुमसारखी होती आधी." मी काही बोलले नाही, कारण मला हे कळायला दुसऱ्यांदा बघावं लागलं होतं.

शेवट सांगणार नाही. एवढंच सांगते की शेवटी उन्हाळा आहे, आणि बाल्सा जशी आली होती तशीच जाते, भाला खांद्यावर, त्याला गाठोडं, चालत.

आमच्याकडे शेवटचा एपिसोड संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. भाचा उठला, हा झाडूचा दांडा घेतला, दाराच्या कडीला त्याची दप्तराची पिशवी होती ती दांड्याला अडकवली, आणि बाल्कनीपर्यंत चालत जाऊन परत आला. "मावशी, खांदा दुखतो गं," म्हणाला. "ती पूर्ण वेळ असंच चालते?"