डबा वाजलाच नाही

नमस्कार श्रोतेहो. बावीस वर्षं मी देवगडकडे दवाखाना चालवते. आज बोलायचंय विषाणूंवर, पण सुरुवात वानरांपासून करते. तुम्हाला ती जास्त ओळखीची.

चैत्रात हापूस तयार व्हायला लागला की आमच्याकडे दिवसभर डबे वाजतात. टोळी एखाद्या कलमावर उतरली की तिथला राखण्या पत्र्याचा डबा बडवतो, हाळी देतो. त्याच्या झाडावरचे आंबे गेलेलेच असतात. पण आवाज ऐकून शेजारच्या बागेतला माणूस गलोल घेऊन उभा राहतो, त्याच्या पुढचा फटाके काढतो. वानर कुठलं, गेल्या वर्षी आलं होतं का, असं कुणी विचारत बसत नाही.

आपली जन्मजात प्रतिकारशक्ती अशीच चालते. विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या प्रती काढायला लागतो. त्या गडबडीत दुपदरी आरएनए तयार होतो, किंवा डीएनए पेशीकेंद्राबाहेर, नको त्या जागी सापडतो. पेशीतले पहारेकरी रेणू तेवढ्यावरून ताडतात की घरात कोणीतरी शिरलंय. मग ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. ती स्वतः बहुधा वाचत नाही, तिचा डबा शेजारणींसाठी असतो. शेजारच्या पेशी प्रथिनं बनवण्याचं काम आवरतं घेतात आणि आरएनएचे तुकडे करणारी कात्री हाताशी ठेवतात. 1957 मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना हे प्रथिन सापडलं, तेही अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भावरच्या पातळ पडद्यावर प्रयोग करताना.

त्याच 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माकडताप ओळखला गेला. तोच 2016 मध्ये आमच्या दोडामार्गात काजूच्या बागांतून माणसांना लागला. गोचिडीतून येणारा हा विषाणू मोठा गोंगाटी. अंग मोडून येतं, ताप फणफणतो. आता गंमत अशी की कुठल्याही विषाणूच्या तापातला बराचसा ताप विषाणूचा नसतोच, तो आपल्या डब्यांचा आवाज असतो. नुसतं इंटरफेरॉन इंजेक्शनाने दिलं तरी फ्लूसारखा ताप येतो, अंग दुखतं.

म्हणून ताप आला की माणूस दवाखान्यात येतो, आणि ताप नसला की येत नाही. एका शिबिरात मासे विकणारी एक काकी व्हरांड्यात बसली होती, पाटी पायाशी. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी म्हटल्यावर म्हणाली, "बाई, माका ताप नाय, दुखणा नाय. मगे तपासूक कित्याक व्हया?"

तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर एवढंच, की कर्करोगापर्यंत नेणारे विषाणू डबा वाजू देत नाहीत.

एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस घ्या, गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग याच्यामुळे होतो. जेमतेम आठ हजार अक्षरांचा डीएनए. हा रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. त्वचेच्या किंवा पिशवीच्या तोंडाच्या अस्तरात, तळच्या थरात, बारीकशा खरचटीतून शिरून गप्प बसतो. वरच्या थरातल्या पेशींनी वाढ थांबवलेली असते, आणि याला तर प्रती काढायला चालू कारखाना हवा. म्हणून त्याचं ई7 नावाचं प्रथिन पेशीचा ब्रेक काढून टाकतं. असं भलतंच घडलं की पेशी एरवी स्वतःला संपवते, तो हुकूम पी53 नावाचं प्रथिन देतं. मग याचं ई6 त्या पी53चाच काटा काढतं. वर ही दोघं मिळून इंटरफेरॉनचा आवाजही दाबतात. कर्करोग करणं हा विषाणूचा बेत नव्हे. पेशीत कर्करोग झाला की त्याचीही पुढची वाट बहुधा बंदच होते. पण ब्रेक काढलेली गाडी उतारावर सोडली की तो कोणी काढला याला काय अर्थ?

पहारा सगळा झोपलेला असतो असंही नाही. बहुतेक बायकांचं शरीर हा विषाणू एक-दोन वर्षांत हुसकून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे वेळ भरपूर मिळतो, फक्त कोणी हाक मारत नाही.

हिपॅटायटिस बी त्याहून बेरकी. तो यकृतात शिरतो तेव्हा इंटरफेरॉनला जवळजवळ पत्ताच लागत नाही. बाळंतपणात आईकडून लागला तर दहातल्या नऊ बाळांत तो मुक्काम करतो, आणि त्या बाळांना बहुधा कावीळही दिसत नाही. पुढे त्यांतल्या काहींना चाळिशीत यकृताचा कर्करोग. पाण्यातून येणारी कावीळ वेगळी. ती बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय माळ बांधणाऱ्याला मिळतं. माझं त्याच्याशी भांडण नाही, पण त्या नादात बाळाची जन्मल्यापासून 24 तासांतली हिपॅटायटिस बीची लस चुकवू नका.

विषाणूने गाठ होते हे पेटन राऊस यांनी 1911 मध्येच दाखवलं होतं, पुन्हा कोंबडीतच. नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87व्या वर्षी. आपण कोंबडीची ओळख वड्यांपुरती ठेवली, हे जरा अन्यायाचंच.

एचपीव्हीवर लस आहे, पुण्यात बनलेलीही आहे. ती राखण्याच्या हातात चोराचा फोटो आधीच देते, म्हणून नऊ ते चौदा वयात घेतलेली उत्तम. आधीच शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही, तिथे तपासणीच हवी. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. 2009 च्या निष्कर्षांत, एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होते.

काकीला आम्ही साधी तपासणी सांगितली. पातळ व्हिनेगर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं, बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. "लोणच्यातला?" तिने विचारलं. साधारण तेच. तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग दिसला. पुढच्या तपासणीत तो कर्करोगाच्या अलीकडचाच निघाला आणि गोठवून काढता आला.

पुढच्या शिबिराला ती सुनेला घेऊन आली. सुनेलाही ताप नव्हता.